बंडोपंतांची झोप

अक्का जन्मात कधी घोड्यावर बसल्या नाहीत. पाच घोडे सांभाळायच्या, त्यांचे खूर उचलून बघायच्या, दात बघायच्या, पोटाला कान लावून आतली गुडगुड ऐकायच्या, पण पाठीवर बसायचं म्हटलं की नाव नको. मी एकदा विचारलंच. म्हणाल्या, वर बसून काय दिसतं, दोन कान नि मान. मला तोंड बघायचं असतं. आणि इकडे मी हौसेने घोडा पाळलेली बाई, दर रविवारी त्याच्या पाठीवर बसून स्वतःला मोठी स्वार समजणारी.

त्यांची पागा बेंगळुरूत, हेब्बाळच्या पुढे, विमानतळाच्या रस्त्यावरून आत वळलं की पेरूच्या बागांच्या मागे. पागाच म्हणायचं. कुणी ‘स्टेबल’ म्हटलं की अक्का ऐकू न आल्यासारखं करायच्या. फाटकावर कानडीत हाताने रंगवलेली पाटी होती. मला ती वाचता येईना म्हणून पहिल्या दिवशी त्यांनीच मराठीत सांगितली: गॉगल, गाजर आणि सल्ला आत आणू नये. गॉगल नको, कारण ज्याचे डोळे दिसत नाहीत त्याच्यावर घोड्याने भरवसा का ठेवावा? गाजर म्हणजे लाच. सल्ल्याचं कारण त्यांनी दिलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांवरचा गॉगल काढला, गाजरांची पिशवी परत गाडीत ठेवून आले. तिसऱ्या गोष्टीबाबत तोंडाला कुलूप घालायला मात्र मला बराच वेळ लागला.

अक्का इथल्या जुन्या मराठी घरातल्या, मल्लेश्वरमला राहणाऱ्या. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. फौज गेली, घोडे गेले, आणि हे लोक वकील, डॉक्टर, कारकून होऊन राहिले. अक्का स्वतः एका सरकारी खात्यात तक्रारींच्या विभागात होत्या. जन्मभर लोकांची गाऱ्हाणी ऐकली. निवृत्त झाल्या तोवर नवरा गेला होता, मुलगा परदेशात होता, म्हणून नातेवाइकांनी सुचवलं की आता भजनात मन रमवा. यांनी रेसमधून बाद झालेला एक म्हातारा पांढरा घोडा आणला. मग आणखी एक. मग लोकांचे घोडेही ठेवून घ्यायला लागल्या. घोड्यांनी अजून माझ्याकडे एक अर्ज आणलेला नाही, असं मोठ्या समाधानाने सांगायच्या. आता अक्का नाहीत. पागा त्यांची भाची बघते. पाटी तीच आहे.

मी मूळची नागपूरची, नोकरी बेळ्ळंदूरला. आमचं पहिलं बोलणं फोनवर झालं तेव्हा दोघींनाही वाटलं असणार की समोरची बाई मराठी बोलत नाहीये. त्या म्हणाल्या, स्वल्प थांबा, चंदी घालून येते. मी ऐकलं चांदी. म्हटलं, अरे बापा, घोड्यांना चांदी घालते म्हणजे घरचं चांगलंच दिसतंय. नंतर कळलं की चंदी म्हणजे घोड्याचा खुराक, भिजवलेले हरभरे नि काय काय. खरारा, तोबरा, मोतद्दार, हे जे शब्द आमच्याकडे इतिहासाच्या पुस्तकात उरलेत, ते ही बाई रोज सकाळी भाजी आणल्यासारखे वापरत होती. आणि त्याच वाक्यात कानडी ‘सरी’, म्हणजे बरं, आणि ‘साकु’, म्हणजे पुरे, हेही. कामाला असलेल्या दोघा माणसांना त्या मोतद्दार म्हणायच्या. ते बिचारे कानडी, त्यांना वाटायचं हे काहीतरी बढतीचं पद आहे.

त्यांचा अवतारही बघण्यासारखा होता. सुती साडी पोटऱ्यांपर्यंत वर खोचलेली, पायात गेलेल्या नवऱ्याचे ऑफिसचे काळे बूट, आणि थंडी असो नसो, डोक्याला माकडटोपी. दुपारी घोड्यांच्या मधोमध उभं राहून डब्यातला दहीभात खायच्या. खुर्ची आणू का म्हटलं तर म्हणाल्या, बसलेली बाई त्यांना दिसत नाही. घोड्यांना सरसकट अहो-जाहो. माणसांना मात्र नावानेही हाक नाही. घोडा ठेवलेल्या एका दंतवैद्यांना त्या ‘दात’ म्हणायच्या. मी ‘नागपूर’. “अहो नागपूर, फाटक लावा मा,” अशी कानडी ‘मा’ लावलेली हाक लांबून आली की मी धावत सुटायची. ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं होती, तिथे मी कधी अशी धावले नाही.

माझा घोडा उंचपुरा, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. रेसमध्ये त्याचं काहीतरी भपकेबाज इंग्रजी नाव होतं. रेस तो कधी जिंकला नाही. मी घेतला तेव्हा त्याचं नाव बंडू ठेवलं, कारण तो तसाच दिसत होता. एवढं धूड, आणि समोर छत्री उघडली तरी घाबरायचं. सर्जापूरच्या बाजूला ज्या ठिकाणी मी त्याला ठेवला होता ती जागा विकली गेली, तिथे आता बारा मजले उभे राहताहेत. मग एका नव्या झकपक ठिकाणी ठेवून बघितला. तिथे दिवसभर चार भिंतींच्या आत, एकटा. तिथे तो झुलायला लागला. या पायावरून त्या पायावर, या पायावरून त्या पायावर, सकाळ नाही संध्याकाळ नाही. फासळ्या दिसायला लागल्या. मी रोज ऑफिस सुटल्यावर जायची आणि ते झुलणं बघून रडत परत यायची. कुणीतरी अक्कांचं नाव सांगितलं, की त्या घोडे मोकळ्यावर एकत्र ठेवतात.

बंडू ट्रकमधून उतरला तेव्हा मला वाटलं होतं, अक्का त्याची उंची बघतील, मान बघतील, जरा कौतुक करतील. अक्का सरळ वाकल्या आणि त्याचे पुढचे गुडघे बघायला लागल्या. दोन्हींवर खपल्या होत्या. मी म्हटलं, प्रवासात लागलं असेल. त्यांनी उठून विचारलं, “हे कधीपासून झोपले नाहीत?”

मला आधी कळेना, हे म्हणजे कोण? मला तर नवरा नाही. मग समजलं की बंडूबद्दल विचारताहेत. त्यांनी सांगितलं ते असं, की घोडा उभ्याउभ्या डुलकी काढतो, पण खरी झोप आडवं झाल्याशिवाय लागत नाही. आडवं व्हायचं तर दुसरा कुणीतरी घोडा जागा राहून राखण करणारा लागतो. ज्याला तसा कुणी नाही तो उभाच राहतो. मग कधीतरी उभ्याउभ्याच झोपेने घेरतं, पुढचे पाय दुमडतात, गुडघे जमिनीवर आपटतात, आणि तो दचकून जागा होतो. त्या खपल्या त्याच्या. मी ऐकत होते आणि मला स्वतःच्या पलंगाची, उशांची, एसीची शिसारी आली. इतके महिने हा जीव झोपला नव्हता.

नाव विचारलं. बंडू म्हटल्यावर त्यांना ते पटलं नाही. एवढ्या थोराड गृहस्थांना बंडू काय, बंडोपंत म्हणूया. आणि मग त्यांनी अट घातली. एकटा घोडा मी ठेवत नाही. उगादीपर्यंत बघू, म्हणजे माझ्या हिशोबाने पाडव्यापर्यंत. तोवर बंडोपंत बाकीच्यांच्यात आडवे होऊन झोपले तर राहतील, नाही तर घेऊन जायचं. मी वाद घालायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, पूर्वी एकदा कळपाने नाकारलेला घोडा मी हट्टाने ठेवला होता, त्याने कोपऱ्यात उभं राहून खाणं सोडलं आणि गेला. परत ते मला बघायचं नाही. माझ्याकडून कबुली घेऊनच त्या चंदी घालायला गेल्या.

घेऊन जायचं म्हणजे कुठे? सगळीकडे विचारून झालं होतं. बंडूला घ्यायला एकच माणूस तयार होता, वरातीला घोडे देणारा. तो येऊन बघूनही गेला. माणूस वाईट नव्हता, त्याचे घोडे खाऊनपिऊन चांगले होते, बंडूच्या नाकावरून त्याने हातही मायेने फिरवला. म्हणाला, एवढा उंच घोडा, नवरदेव किती शोभून दिसेल. मी मनात बँड ऐकत होते, ढोल, फटाके, ते कानठळ्या बसवणारे स्पीकर, आणि मध्ये छत्रीला घाबरणारा बंडू. मी तेव्हाच ठरवलं की काय वाट्टेल ते होवो, हा घोडा इथे झोपणार.

अक्कांची पद्धत विचित्र होती. आधी लीद पाठवायची, मग घोडा. म्हणजे रोज सकाळी बंडूची लीद घमेल्यात भरून कळपाच्या रानात नेऊन टाकायची आणि तिकडची आणून बंडूच्या कुंपणात. ते काम माझ्याकडे. लॅपटॉपची बॅग गाडीत, घमेलं डोक्यावर. घोडे येऊन ती लीद हुंगत उभे राहायचे. अक्का म्हणायच्या, वाचताहेत, गडबड करू नका. मग बंडूला त्यांच्या शेजारच्या कुंपणात ठेवलं, मध्ये दोन बांबू. मग त्या म्हाताऱ्या पांढऱ्यासोबत एकत्र सोडला, आणि त्या दोघांचं मेतकूट जमलं. मला वाटलं, झालं काम.

सरोजाबाईंचा हिशोब मी धरलाच नव्हता. सरोजाबाई म्हणजे कळपातली सर्वांत बुटकी घोडी, तट्टूच. कुठल्यातरी थंड हवेच्या ठिकाणी पोरांना पाठीवर बसवून फिरवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, आणि आता म्हातारपणी ती त्याचा सूड सगळ्या जगावर घेत होती. पोट सुटलेलं, झुलपं डोळ्यांवर. बंडूच्या पोटाखालून सहज निघून गेली असती. पण राज्य तिचं. पाणी आधी ती पिणार, वैरणीचा कुठला ढीग कुणाचा ते ती ठरवणार.

कळपात नव्याने आलेल्याला एकच गोष्ट शिकायची असते, सरकायचं. सरोजाबाई कान मागे टाकून आल्या की दोन पावलं बाजूला व्हायचं. झाला तर विषय संपला, त्याही पुढे जातात. बंडू सरकेना. ती आली की हा जागच्या जागी खांब. ती चावली, हा उभा. तिने वळून दोन लाथा घातल्या, हा उभा. तिला वाटलं, हा आपल्याला आव्हान देतोय, मग तर ती पेटलीच. आणि कुंपणाशी अक्का मला शिकवत होत्या, कान बघा, शेपूट बघा, आता त्या वळतील बघा. मी आपली जीव मुठीत धरून, हो, हो, हो ना अक्का, हो हो.

असं रोज. बंडूच्या अंगावर दातांचे चट्टे उठले, मागच्या मांडीला सूज आली. अक्कांनी त्याला बाहेर काढायचा, दोन दिवस थांबायचं, परत सोडायचा, परत तेच. त्यांच्या कपाळावर मी पहिल्यांदाच आठी बघितली. हे हट्टी नाहीत, म्हणायच्या, हट्टी घोडा उलट लाथ मारतो. मग हे हलत का नाहीत? पण मोतद्दार सांगायचे की ज्या दिवशी मी येत नाही त्या दिवशी बंडू बरा सरकतो. अक्कांनी हे ऐकलं आणि मला फर्मान सोडलं, नागपूर, उद्यापासून तुम्ही गाडीत बसायचं, काचा वर करून.

माझा पारा असा चढला म्हणता! घोडा माझा, त्याच्या मलमपट्ट्या मी करतेय, घमेली मी वाहतेय, आणि दोष माझा? अर्धं बेंगळुरू ओलांडून, त्या रिंग रोडच्या गर्दीत तास घालवून मी गाडीत बसायला येते का? बोलले नाही, पण दार आपटून बसले. आणि काचेतून बघितलं तर खरंच. सरोजाबाई आल्या, बंडू सरकला. नीट, शहाण्यासारखा. मला आनंद व्हायला हवा होता. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. म्हटलं, माझ्या असण्यानेच याचं बिघडतं की काय?

उलगडा झाला तो आईच्या फोनमुळे. बंडूला धुऊन मी दोरीने परत आणत होते, कानात फोनची बोंडं. नागपूरहून आई. जेवलीस का, झोपलीस का, नेहमीचं. मी चालता चालता हो आई, हो गं, हो म्हणत होते, आणि बंडू चालायचा, थांबायचा, चालायचा, थांबायचा. त्यात नवीन काही नव्हतं. मी फोनवर बोलायला लागले की तो थांबायचाच, आणि हे मी ऑफिसात मोठ्या कौतुकाने सांगायची, की माझा घोडा बघा किती सभ्य, फोन आला की थांबतो. अक्का उभ्याने दहीभात खात होत्या. त्यांचा घास हातातच राहिला.

जवळ येऊन त्यांनी विचारलं, “फोनवर काय म्हणालात आता?”

“काही नाही, आई विचारत होती जेवलीस का.”

“ते नाही. तुम्ही काय म्हणालात?”

“हो म्हटलं.”

बंडूने एक पाऊल उचललं होतं, ते त्याने खाली ठेवलं आणि तो स्तब्ध उभा राहिला.

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी समजावलं. रेसच्या घोड्याला पहिल्यापासून शिकवलेलं असतं, पाठीवरच्या माणसाने ‘हो’ म्हटलं, म्हणजे इंग्रजीत ‘थांब’, की थांबायचं, काहीही होवो. अक्का ‘होय’ म्हणायच्या, नाहीतर ‘सरी’. मोतद्दार ‘हौदु’ म्हणायचे. त्या अख्ख्या पागेत ‘हो’ म्हणणारी मी एकटी. आणि आम्ही नागपूरचे लोक काय, पुण्यामुंबईचे काय, एका दमात चार वेळा हो म्हटल्याशिवाय आमचं ऐकून होत नाही. सरोजाबाई दात विचकून आल्या की बंडू सरकायला निघायचा, आणि कुंपणाशी उभी राहून मी त्याला सांगायची, थांब. थांब, थांब, थांब ना. त्याला लाथा बसत होत्या आणि तो माझं ऐकत होता. हे कळलं तेव्हा मी त्याच्या गळ्यात पडून हसले की रडले ते मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

त्या दिवसापासून फाटकाच्या आत ‘हो’ बंद. म्हणायला सोपं आहे. बोलायला लागल्यापासून जिभेवर बसलेला शब्द, तो काय उठ म्हटलं की उठतो? माझ्या तोंडून तो निसटला की अक्का खिशातला कच्चा पेरू माझ्या पाठीत मारायच्या. हो, त्यांच्या साडीला खिसा होता, त्यांनी मुद्दाम शिवून घेतला होता, आणि नेम उत्तम होता. मी मान हलवायला शिकले, मग ‘सरी’ म्हणायला शिकले. सवय अशी लागली की आईलाही फोनवर सरी, सरी. आई म्हणाली, सारखं सॉरी कशाबद्दल म्हणून राहिली तू, काय करून बसलीस तिथे? तिला समजावता समजावता नाकी नऊ आले.

पण बंडू सरकला. मी कुंपणाशी ओठ मिटून उभी, सरोजाबाई कान पाडून आल्या, आणि माझं ते एवढं मोठं लाकूड चक्क बाजूला झालं. ती पुढे निघून गेली, जसं काही घडलंच नाही. नंतर तो कळपाच्या कडेला चरायला लागला, मग थोडा आत. म्हाताऱ्या पांढऱ्याने त्याची मान खाजवून दिली. अंगावरचे चट्टे बरे झाले, फासळ्या झाकल्या. गुडघ्यांवर मात्र ताज्या खपल्या तशाच. बाकीचे घोडे सकाळच्या उन्हात आडवे व्हायचे, आणि बंडू त्यांच्याभोवती डोळे ताणून उभा. खाल्लं, प्यालं, सरकलं, सगळं शिकला. झोपेना.

उगादी आली. अक्कांनी फाटकाला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं आणि डब्यातून कडुनिंब नि गूळ आणला होता. तो माझ्या हातावर ठेवताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. वरातीवाल्याचा ट्रक दुसऱ्या दिवशी यायचा होता, दुसरी जागाच नव्हती म्हणून मीच त्याला सांगून ठेवलं होतं. मी कडुनिंब गिळला आणि म्हटलं, “अक्का, मी बंडूला नेणार नाही.”

“तुम्ही शब्द दिला होता.”

“दिला होता. मोडतेय. तुम्ही मला बाहेर काढा, पाटीवर माझंही नाव लिहा. त्याला अर्धवट सोडून मी जाणार नाही.”

त्यांनी बूट झटकले, माकडटोपी सारखी केली. मला वाटलं, आता पेरू नाही, दगडच येणार. मग त्यांनी मलाच विचारलं, अट घालताना मी कोणती उगादी म्हणाले होते? मी म्हटलं, कोणती म्हणजे काय, आजची. त्या म्हणाल्या, आजची ती चांद्रमान. तिकडे मंगळूरकडचे लोक सौरमान उगादी करतात, ती अजून यायची आहे. अट घालताना मी कोणती ते बोलले नव्हते, म्हणाल्या. मी म्हटलं, अहो पण तुम्ही कुठे मंगळूरच्या? त्यांनी नुसतं पाटीकडे बोट दाखवलं. सल्ला आत आणू नये. ट्रकवाल्याला त्यांनी स्वतःच फोन केला आणि शुद्ध सरकारी कानडीत काय सांगितलं कोण जाणे, तो पुन्हा आला नाही.

आयुष्यभर नियमाने वागलेली बाई नियम वाकवते तेव्हा ती अर्ध्यावर थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर अक्का रानात, घोड्यांच्या मधोमध, ताडपत्री अंथरून आडव्या झालेल्या. ज्या बाईला मी कधी खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं ती. काळे बूट आभाळाकडे, पदर तोंडावर. जवळ गेले तर पदराआडून आवाज आला, कुणीतरी सुरुवात करायला हवी मा. त्यांचं म्हणणं असं, की बंडोपंतांना झोपायचं कसं तेच आठवत नाहीये, ते कुणी दाखवायला हवं, आणि बाकीचे घोडे त्यांना अजून परके आहेत. मी रोज चंदी घालते, मी परकी नाही.

मग रोज तेच. सत्तरी ओलांडलेली बाई, सकाळचं कोवळं ऊन, ताडपत्री. मी थोड्या अंतरावर राखणीला. घोडे यायचे, हुंगायचे. सरोजाबाईंनी एकदा माकडटोपी ओढून नेली. पेरूच्या बागेतली माणसं कुंपणाशी येऊन बघायची. मोतद्दारांनी आधी हात जोडून विनंती केली, मग नाद सोडला. अक्कांची भाची मल्लेश्वरमहून येऊन मलाच झापून गेली, की तुमच्या घोड्यापायी मावशी आजारी पडेल. अक्कांनी पदराआडून ‘साकु’ म्हटलं, आणि विषय संपला. बंडू यायचा, त्यांच्या बुटांशी नाक न्यायचा, लांब श्वास सोडायचा आणि उभाच राहायचा. डोळे मिटायचे, पुढचे पाय थरथरायचे, गुडघे वाकायला लागायचे, की दचकून जागा. मी दात आवळून बघायची. हात पुढे करायचा नाही, बोलायचं नाही. मंगळूरकरांची उगादी जवळ येत होती आणि तिच्यानंतर तिसरी कुठली नव्हती.

एका सकाळी रिंग रोडवर कुठलासा ट्रक आडवा झाला होता आणि मला पोचायला उशीर झाला. ऊन चांगलंच वर आलेलं. फाटकातून बघितलं तर ताडपत्रीवर अक्का, आणि त्यांच्या पलीकडे बंडू. आडवा. कुशीवर, चारी पाय लांब टाकलेले, मान जमिनीला टेकलेली, तोंड अर्धवट उघडं. मला वाटलं, मेला. घोडा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मी फाटक ढकलून धावत निघाले, आणि अक्कांचा हात वर झाला. तळवा माझ्याकडे.

मी थांबले. तेव्हा ऐकू आलं. बंडू घोरत होता. पोट वरखाली होत होतं, मागचा एक पाय झोपेत हलत होता. त्याच्या डोक्याशी सरोजाबाई उभ्या होत्या, कान ताठ, आमच्या सगळ्यांकडे पाठ करून रस्त्याच्या बाजूला बघत. पाय न वाजवता मी अक्कांपर्यंत गेले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, कपाळावरून घाम कानात उतरत होता, पदर बाजूला सरकला होता आणि तो ओढून घ्यायलाही त्या हललेल्या नव्हत्या. ओठ न हलवल्यासारखं करून त्या म्हणाल्या, “मी उठले तर ते उठतील.”

किती वेळ झाला, ते मी विचारलं नाही. फोन बंद केला. सरकत सरकत गेले आणि माझी सावली त्यांच्या तोंडावर पडेल अशी उभी राहिले. सूर्य हलला की मीही हलायची. रडण्याचा आवाज होऊ नये म्हणून ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता. बंडू उठेपर्यंत आम्ही तिघी तशाच होतो.